चार जणांचा गेम स्टुडिओ: पैसा येतो कुठून, जातो कुठे

पुण्यातल्या नॉडिंग हेड्स गेम्स या स्टुडिओची गोष्ट गेम बनवू पाहणाऱ्या अनेक मराठी मुलामुलींनी ऐकलेली असते. २०१७ मध्ये त्यांनी ‘राजी’ या गेमवर काम सुरू केलं. असुरांनी पळवलेल्या भावाच्या शोधात निघालेली मुलगी, राजस्थानी वास्तूंसारखे महाल, पुराणांतले देव असा त्याचा थाट. लोकांकडून आगाऊ पैसे जमवण्यासाठी किकस्टार्टरवर मोहीम काढली, पण ती लक्ष्यापर्यंत पोहोचली नाही. तिथे लक्ष्य गाठलं नाही तर काहीच हातात पडत नाही, जमलेली रक्कमसुद्धा देणाऱ्यांकडेच राहते. पुढे पैसे आटत आले तेव्हा संस्थापकांपैकी एकाने स्वतःचा फ्लॅट विकला. ऑगस्ट २०२० मध्ये गेम निन्टेन्डो स्विच या कन्सोलवर (खास गेम खेळण्यासाठीच्या यंत्रावर) आला, ऑक्टोबरमध्ये बाकीच्या ठिकाणी. त्याच वर्षी द गेम अवॉर्ड्समध्ये पदार्पणाच्या इंडी (छोट्या, स्वतंत्र स्टुडिओने बनवलेल्या) गेमच्या विभागात त्याला नामांकनही मिळालं.

ही गोष्ट जिद्दीची म्हणून सांगितली जाते आणि ती तशी आहेच. पण मला ती हिशेबाची म्हणूनही सांगावीशी वाटते. फ्लॅटच्या पैशांतून स्टुडिओने नेमकं काय विकत घेतलं? महिने. अर्धवट गेमला बाजारात किंमत नसते. ऐंशी टक्के झालेलं घर विकता येतं, ऐंशी टक्के झालेला गेम सहसा विकता येत नाही. त्यामुळे पहिल्या दिवसापासून गेम दुकानात लागेपर्यंत फक्त पैसे जात असतात, येत काहीच नाही. या कोरड्या काळात जगायला जितके महिने हाताशी आहेत, तेवढंच स्टुडिओचं आयुष्य. धंद्यातले लोक याला ‘रनवे’ म्हणतात. गेम चांगला आहे का, हा प्रश्न त्यानंतरचा. आधी विचारायचं ते हे: गेम पूर्ण होईपर्यंत आपण टिकू का?

एक उदाहरण मांडून पाहू. आकडे मी हिशेबापुरते धरलेले आहेत, तुमचे तुम्ही घालून बघा.

पुण्यात चौघांचा स्टुडिओ आहे. दोघं प्रोग्रामर, एक कलाकार, एक डिझायनर. प्रत्येकाला महिना ६० हजार, म्हणजे पगाराचे २ लाख ४० हजार. जागा, वीज आणि इंटरनेटचे ३० हजार. सॉफ्टवेअर, संगणकाची दुरुस्ती, सीएची फी मिळून आणखी ३० हजार. महिन्याला ३ लाख झाले. गेमला दोन वर्षं धरली तर ७२ लाख. संगीत, ट्रेलर, चिनी-जपानी भाषांतर आणि बाहेरून करून घेतलेली चाचणी यांचे ८ लाख. एकूण ८० लाख.

इथे बरेच जण म्हणतात, आम्ही पगार घेणारच नाही. मग खर्च २२ लाखांवर येतो आणि सगळं आवाक्यात वाटायला लागतं. पण पगार न घेणं म्हणजे खर्च नसणं नव्हे. उरलेले ५७-५८ लाख कुणीतरी भरतंच आहे. आईवडील भरतात, नोकरी करणारी बायको किंवा नवरा भरतो, नाहीतर मोडलेली एफडी भरते. ‘स्टारड्यू व्हॅली’ हा गेम एरिक बॅरोन यांनी साडेचार वर्षं खपून एकट्याने बनवला, हे सगळे सांगतात. त्या काळात ते सिएटलमधल्या एका थिएटरमध्ये प्रेक्षकांना जागा दाखवण्याचं काम करत होते आणि घर मुख्यतः त्यांच्या जोडीदाराच्या कमाईवर चालत होतं, हे त्यामानाने कमी सांगितलं जातं. घरच्यांचा हा वाटा वहीत मांडलाच पाहिजे. नफ्यासाठी नव्हे, त्यांना आपण किती दिवस ओढतोय हे त्यांनाही कळायला हवं म्हणून.

एका प्रतीमागे हातात किती पडतं?

गेमची किंमत १५ डॉलर ठेवली, तर प्रत्येक प्रतीमागे १५ डॉलर मिळतील असं वाटतं. तसं होत नाही. बऱ्याच प्रती सेलमध्ये जातात. भारत, ब्राझील, तुर्कस्तान अशा देशांत किंमत मुळातच कमी ठेवावी लागते. सरासरी गिऱ्हाईक ९ डॉलर देतं असं धरू. युरोपात किमतीत व्हॅट धरलेला असतो, तो आधी निघतो. काही लोक गेम परत करतात. स्टीमवर, म्हणजे संगणकावरचे गेम विकणाऱ्या ऑनलाइन दुकानात, खरेदीपासून १४ दिवसांत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळून परत केला तर सहसा पूर्ण पैसे मिळतात. हे सगळं जाऊन साडेसात डॉलर उरले म्हणा. त्यातले ३० टक्के स्टीमचे, राहिले सव्वापाच. मग अमेरिकेत झालेल्या विक्रीवर तिथला कर कापला जातो. भारत-अमेरिका करारानुसार रॉयल्टीवर तो १५ टक्के आहे. फॉर्म नीट भरला नाही तर ३० टक्के. एक तृतीयांश विक्री अमेरिकेतली धरली तर हातात साधारण ५ डॉलर येतात. डॉलरला ८५ रुपये धरले तर ४२५ रुपये.

आता ८० लाखांना ४२५ ने भागा. जवळजवळ १९ हजार प्रती. एवढ्या विकल्या की स्टुडिओ शून्यावर येतो, म्हणजे जिथून निघाला तिथे. पुढचा गेमही तेवढाच मोठा करायचा असेल आणि तो पहिल्याच्या कमाईतून करायचा असेल, तर ३८ हजार प्रती लागतात.

आता यात सहा महिन्यांचा उशीर घाला. उशीर होतोच. शेवटच्या टप्प्यातले बग, कन्सोलची मंजुरी, कुणाचं तरी आजारपण. सहा महिन्यांचे १८ लाख वाढले आणि शून्यावर यायला १९ हजारांऐवजी २३ हजार प्रती लागल्या. गेम मात्र तोच आहे. म्हणून अनुभवी लोक एखादी पातळी कापून टाकायला लवकर तयार होतात. नवख्याला तो कलेशी द्रोह वाटतो. प्रत्यक्षात ते पूर्ण गेम लोकांपर्यंत पोहोचवण्याचं काम असतं.

दुकान उघडं आहे, पण गर्दी

स्टीमवर गेम लावायला १०० डॉलर भरावे लागतात. विक्री १,००० डॉलरपर्यंत गेली की तेही परत मिळतात. दार इतकं सताड उघडं आहे आणि ते चांगलंच आहे; पूर्वी मोठ्या कंपनीच्या मर्जीशिवाय आत पाऊल टाकता येत नव्हतं. पण २०२४ या एका वर्षात स्टीमवर १८ हजारांहून जास्त गेम आले. म्हणजे दिवसाला सरासरी पन्नास. मराठी सिनेमा तयार होऊनही त्याला प्राइम टाइमचा शो मिळत नाही तेव्हा काय होतं, ते आपण जाणतो. इथेही तसंच आहे. फरक इतकाच की शो कुणाला द्यायचा हे मुख्यतः आकडे ठरवतात.

त्यातला महत्त्वाचा आकडा विशलिस्टचा. गेम येण्याआधी किती लोकांनी ‘आल्यावर कळवा’ म्हणून तो यादीत टाकून ठेवला आहे, यावरून दुकान त्याला पुढे कुठे दाखवायचं ते ठरवतं. म्हणून गेमचं पान वर्षभर आधी उघडायचं, डेमो द्यायचा, स्टीम नेक्स्ट फेस्टसारख्या उत्सवात भाग घ्यायचा. ही जाहिरातबाजी कमीपणाची वाटणारी मुलं मी पाहिली आहेत, आणि त्यांचे सुंदर गेम कुणी न पाहता गेलेले पाहूनही मला वाईट वाटलं आहे. विक्रीचा मोठा घास बहुतेक वेळा पहिल्या आठवड्यातच येतो. त्या आठवड्याची तयारी गेमइतकीच मनापासून करावी लागते.

मोबाइलवर वेगळं दुखणं. तिथे कल्पना लहान असेल तर ती पळवायला वेळ लागत नाही. ‘थ्रीज’ या आकड्यांच्या कोड्यावर त्याच्या कर्त्यांनी चौदा महिने घालवले. २०१४ च्या फेब्रुवारीत तो आला आणि काही आठवड्यांतच त्याच धाटणीचा ‘२०४८’ फुकट फिरू लागला. आज बहुतेकांना नाव माहीत आहे ते दुसऱ्याचं.

पब्लिशर: एका वाक्याची किंमत

फ्लॅट विकायचा नसेल आणि बँकेकडे गहाण ठेवायला काही नसेल (लिहिलेल्या कोडवर बँक कर्ज देत नाही), तर रस्ता पब्लिशरकडे जातो. पब्लिशर आगाऊ रक्कम देतो, जाहिरात बघतो, कन्सोल कंपन्यांशी बोलतो, आणि बदल्यात विक्रीतला वाटा घेतो. हे वाईट मुळीच नाही. चांगला पब्लिशर म्हणजे अनुभवी निर्माताच. पण करारातला एक भाग इतका मोलाचा आहे की मी त्यावर थोडा थांबणार आहे.

समजा पब्लिशरने आपल्या चौघांना पूर्ण ८० लाख ॲडव्हान्स दिला. वाटणी निम्मी-निम्मी. गेम ३८ हजार प्रती विकला गेला, म्हणजे दुकानाचा आणि कराचा वाटा जाऊन १ कोटी साडेएकसष्ट लाख आले. स्टुडिओला किती मिळतील?

एका करारात लिहिलेलं असतं: आधी एकूण उत्पन्नातून ॲडव्हान्स वसूल होईल, मग उरलेलं निम्मं-निम्मं. इथे ८० लाख पब्लिशरकडे जातात, उरतात साडेएक्याऐंशी लाख, आणि त्याचे अर्धे, म्हणजे पावणेएक्केचाळीस लाख स्टुडिओला.

दुसऱ्या करारात लिहिलेलं असतं: पहिल्या रुपयापासून निम्मं-निम्मं, आणि ॲडव्हान्स स्टुडिओच्या वाट्यातून वसूल होईल. ऐकायला हे जास्त उदार वाटतं, कारण वाटणी पहिल्या रुपयापासून आहे. पण आता पब्लिशरने आपला निम्मा वाटा, पावणेएक्याऐंशी लाख, आधीच उचलला. तुमच्या तितक्याच वाट्यातून ८० लाख ॲडव्हान्सपोटी गेले. हातात आले पाऊण लाख.

गेम तोच, प्रती तेवढ्याच, वाटणी दोन्हीकडे निम्मी. एका करारात साडेतेरा महिन्यांचा खर्च, दुसऱ्यात आठवडाभराचा. वसुली कुणाच्या वाट्यातून, एवढाच फरक. शिवाय पब्लिशरने जाहिरातीवर केलेला खर्चही वसुलीत धरला आहे का, त्याला कमाल मर्यादा आहे का, हिशेब दर तिमाहीला दाखवणार का, गेमची मालकी कुणाकडे, आणि पब्लिशरच बुडाला तर हक्क परत येणार का, हे सगळं सहीआधी विचारायचं. शेवटचा प्रश्न घाबरट वाटू शकतो, पण पब्लिशर खरोखर बंद पडतात. व्हर्सस इव्हिल डिसेंबर २०२३ मध्ये बंद झाला. वकिलाला द्यावे लागणारे वीस-पंचवीस हजार वाचवू नका. दोन वर्षांच्या कामात तेवढ्या पैशांत याहून मोलाचं काहीच मिळत नाही.

आणि वकिलाकडे जाताच आहात तर आपापसातलंही लिहून घ्या. चार मित्रांपैकी एक जण वर्षभराने नोकरीसाठी बंगळुरूला गेला, तर त्याचा वाटा किती? गेम चालल्यावर हा प्रश्न विचारला की मैत्री जाते. सुरुवातीला विचारला तर पाच मिनिटांत सुटतो.

दुसऱ्याच्या जमिनीवरचं घर

इंडी म्हणजे स्वतंत्र. पण गेमचं इंजिन (ज्या तयार सॉफ्टवेअरवर गेम उभा करतात ते) दुसऱ्याचं, दुकान दुसऱ्याचं. सप्टेंबर २०२३ मध्ये युनिटी या इंजिनच्या कंपनीने जाहीर केलं की ठरावीक उत्पन्न आणि ठरावीक इन्स्टॉल ओलांडले, की पुढच्या प्रत्येक इन्स्टॉलमागे पैसे द्यावे लागतील. कमी दर्जाच्या परवान्यावर २० सेंटपर्यंत. गेम फुकट देऊन आतल्या खरेदीवर जगणाऱ्यांचं गणित एका संध्याकाळीत मोडलं. जगभरातून इतका विरोध झाला की आधी नियम सौम्य केले आणि वर्षभराने ते शुल्क रद्दच झालं. पण मधल्या काळात कितीतरी स्टुडिओंनी गोडो या दुसऱ्या इंजिनकडे वळायचं ठरवलं. ते फुकट आहे आणि कोड खुला आहे, पण दोन वर्षांची सवय मोडून नवं इंजिन शिकायलाही महिनेच जातात. अनरियल इंजिन एका गेमची एकूण कमाई दहा लाख डॉलर होईपर्यंत काही घेत नाही, त्यावर ५ टक्के घेतं. लहान स्टुडिओसाठी ही अट सोसण्याजोगी आहे.

आपल्याकडे रनवे वाढवण्याचा सगळ्यात रुळलेला मार्ग म्हणजे बाहेरची कामं घेणं. परदेशी कंपन्यांसाठी थ्रीडी मॉडेल, ॲनिमेशन, पोर्टिंग (एका यंत्रावरचा गेम दुसऱ्यावर चालेल असा करणं), चाचणी. पैसे दरमहा येतात, हात तयार होतो. धोका एकच, पण तो चोरपावलांनी येतो. गिऱ्हाइकाची मुदत नेहमी उद्याची असते आणि स्वतःच्या गेमची कधीच नसते. आठवड्यातले दोन दिवस स्वतःच्या गेमचे ठरवले असतील, तर ते दिवस गिऱ्हाइकाला विकायचे नाहीत, हा नियम पाळणाऱ्यांचे गेम पूर्ण होताना दिसतात.

मग लोक हे का करतात?

कारण चाललं तर ते फार वेगळ्या तऱ्हेने चालतं. सुताराला दुसरं टेबल विकायचं तर दुसरं बनवावं लागतं. गेमची अडतीस हजारावी प्रत बनवायला जवळजवळ काही लागत नाही. शून्याची रेघ ओलांडली की पुढच्या प्रत्येक प्रतीचे ४२५ रुपये शिल्लकच. नोकरीत उत्तम काम केलं तर पगार वीस टक्के वाढतो, इथे वरची मर्यादाच नाही. ‘स्टारड्यू व्हॅली’च्या डिसेंबर २०२४ पर्यंत ४ कोटी १० लाख प्रती विकल्या गेल्या होत्या.

मला त्याहून जास्त शिकण्यासारखी वाटते ती ऑस्ट्रेलियातल्या ॲडलेडच्या टीम चेरीची गोष्ट. २०१४ मध्ये किकस्टार्टरवर त्यांना ५७ हजार ऑस्ट्रेलियन डॉलर मिळाले, आणि त्यातून सुरू झालेला ‘हॉलो नाइट’ २०१७ मध्ये आला. मूठभर माणसं, गेमची मालकी त्यांची स्वतःची. पुढचा गेम ‘सिल्कसाँग’ यायला सप्टेंबर २०२५ उजाडलं. इतकी वर्षं ते घाई न करता, कुणाच्या तारखेला न बांधता काम करू शकले, कारण पहिल्या गेमच्या प्रती विकल्या जातच राहिल्या. ‘सिल्कसाँग’ येण्यापूर्वी त्या दीड कोटींवर गेल्या होत्या. पहिल्या गेमने त्यांना वर्षं मिळवून दिली. या व्यवसायात मला सगळ्यात हेवा वाटतो तो याचा.

आणि जुना गेम कधी उठेल सांगता येत नाही. ‘अमंग अस’ जून २०१८ मध्ये आला तेव्हा त्याच्याकडे फारसं कुणी पाहिलं नाही. २०२० च्या टाळेबंदीत तो जगभर खेळला गेला. तो बनवणारे इनरस्लॉथवाले तेव्हाही हातावर मोजण्याइतकेच होते. या नशिबावर बेत आखायचा नसतो. पण गेम स्वतःच्या मालकीचा नसेल, तर असं नशीब आलं तरी ते दुसऱ्याच्या घरी जातं.

उलट बाजूही सांगितली पाहिजे. म्युनिकच्या मिमिमी गेम्सने १७ ऑगस्ट २०२३ ला ‘शॅडो गॅम्बिट’ आणला. समीक्षकांनी डोक्यावर घेतला. त्याच महिन्याच्या शेवटी त्यांनी स्टुडिओ बंद करत असल्याचं जाहीर केलं. दरवेळी आधीपेक्षा मोठा गेम, दरवेळी जास्त पैसा उभा करायचा, आणि त्याचा ताण स्वतःवर आणि कुटुंबांवर. वाईट गेममुळे स्टुडिओ बुडतो हे सगळ्यांना कळतं. चांगल्या गेमनंतरही स्टुडिओ बंद होतो, कारण पुढच्या गेमचा कोरडा काळ दुसऱ्या दिवशीच सुरू होतो आणि तो आधीच्यापेक्षा महाग असतो.

आता आपल्या चौघांकडे परत येऊ. पहिल्या प्रकारचा करार केला, ३८ हजार प्रती गेल्या आणि खात्यात पावणेएक्केचाळीस लाख आले असं धरू. पहिलं काम कराचं. उत्पन्न एकदम येतं आणि आगाऊ कराच्या तारखा जून, सप्टेंबर, डिसेंबर, मार्चमध्ये ठरलेल्या असतात. त्या चुकल्या की व्याज लागतं, म्हणून कराची रक्कम आल्या दिवशी वेगळ्या खात्यात टाकायची. अमेरिकेत कापलेल्या कराची वजावट इथे मागता येते. आणि कोरड्या वर्षांतला तोटा पुढच्या आठ वर्षांच्या नफ्यातून वजा करता येतो, पण त्या वर्षांचं विवरणपत्र वेळेत भरलेलं असेल तरच. ‘कमाईच नाही तर रिटर्न कशाला’ म्हणून सोडून दिलेल्या वर्षाची किंमत गेम चालल्यावर कळते.

कर न धरता मोजले तर या पैशांत महिने तेरा. दोन वर्षांचा गेम यात बसत नाही, पण नऊ महिन्यांचा बसतो. चार महिने उशिरासाठी राखून ठेवायचे, जुन्या गेमला हिवाळ्याच्या सेलमध्ये लावायचं, आणि करात गेलेले महिने भरून काढायला आठवड्याचे दोन दिवस बाहेरचं काम घ्यायचं. कलाकाराच्या डोक्यात एक मोठी कल्पना आहे, समुद्रावरची, निदान तीन वर्षांची. ती वहीत लिहून ठेवली आहे. सोमवारपासून छोट्याचं काम सुरू.